द्यायचं, घ्यायचं नाही

९ डिसेंबर १९८८

मिरेया ताई,

तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. दोन वर्षं पाळलं. न सांगता गेलीस, मग मी तरी कशाला काही सांगू? पण आज बाबांनी टेलिफोनच्या तबकडीला कुलूप घातलं. खरंखुरं, पितळी, आपल्याच दुकानातलं. आलेला फोन घेता येतो, आपल्याला कुणाला लावता येत नाही. माझा गुन्हा इतकाच, की मी ओफेलियाशी अर्धा तास बोलले. ओफेलिया माझ्या वर्गात आहे, नदीकाठच्या बेकरीवाल्यांची. तिचा मामा बटाटे घेऊन तिकडे तुझ्या तुनहा शहराच्या बाजारात येतो, तोच हे पत्र तुला देईल. उत्तर त्याच्याच हाती दे. पोस्टाने पाठवलंस तर आधी कुस्तोदिया आत्या वाचणार.

आत्या आता आपल्याकडेच राहते. तू गेल्यावर बाबांनी बोलावून घेतलं, म्हणे आईला मदत. मदत कसली, माझ्या मागे सावली लावलीय. मी माळ्यावर गेले तरी खालून विचारते, "काय शोधतेस गं?" काही शोधत नाही, आत्या, एकटी बसलेय.

खरी गोष्ट सांगते. नववीत मी पहिली आले. सिस्टरांची शाळा इथे नववीलाच संपते, पुढची दोन वर्षं तुनहाला. सिस्टर बेनिल्दांनी तिथल्या वसतिगृहात माझ्यासाठी शब्दही टाकून ठेवलाय, जानेवारीत नाव घालायचं. मी निकाल बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, घडी केली, खिशात घातला आणि म्हणाले, "खिळे मोजायला अकरावी लागत नाही."

संपलं. ना ओरडणं, ना भांडण. तुझ्या वेळी तरी कपबशा फुटल्या होत्या. माझ्या वेळी आईने फक्त वाटाणे सोलायचे थांबवले आणि परत सुरू केले.

तर ताई, जानेवारीपासून मी काउंटरवर. तुझ्या जागी. फावडी, दोरखंड, घोड्याचे नाल, सिमेंट. शाळेला सुट्टी लागली म्हणून पोरी नदीवर जातात, नाताळचे कपडे शिवून घेतात, आणि मी आत्तापासूनच सरावाला बसलेय. सकाळभर साखळी मीटरने मोजून देते. घराबाहेर पडायला एकच निमित्त उरलंय, चोवीस तारखेच्या, देवळातल्या येशूजन्माच्या देखाव्याची तालीम. सिस्टर बेनिल्दांनी मला मारिया केलंय. माझा चेहरा काही पवित्र वगैरे नाही. त्या हळूच म्हणाल्या, "मारियेला रोज तालमीला यावं लागतं. मेंढपाळाला नाही." म्हातारी भारी आहे.

घरी काही भेट पाठवू नकोस. गेल्या वर्षी तू पाठवलेला शर्ट बाबांनी न उघडता परत केला, हे तुला माहीतच आहे. आई रडली होती, ते बहुतेक माहीत नसेल.

देया


१७ डिसेंबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. फोटोही. तुझा लेक हुलियान अगदी बटाट्यासारखा गोल आहे, रागावू नकोस. फोटो आईला दाखवला, बाबांना नाही. त्यांना बाळाचं काही ठाऊकच नाही. तिने एप्रनच्या खिशात टाकला तो टाकलाच, परत देत नाही. भांडी घासताना मध्येच हात पुसते, बघते, ठेवते.

नर्सिंगचा कोर्स करतेस हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. घरमालकीण बाळाला सांभाळते म्हणजे बाई चांगलीच असणार.

आता ऐक. काल नोव्हेनाची, नाताळआधीच्या नऊ रात्रींच्या प्रार्थनेची, पहिली रात्र आपल्याकडे होती. प्रार्थना झाली, बुन्युएलो तळून झाले, शेजारी सगळे जमलेले, आणि नेहमीसारखे नऊ दिवसांचे खेळ लागले. कुणी 'बोलायचं, उत्तर द्यायचं नाही' घेतलं, कुणी 'तोंडात काडी'. आपल्या बाबांचा तर एकच खेळ, 'द्यायचं, घ्यायचं नाही'. समोरच्याच्या हातून काही घेतलं की हरलात, आणि तो 'माझी भेट' म्हणून ओरडला की मागेल ते द्यायचं. बाबा वीस वर्षांत हरलेले नाहीत. गावात नवे आलेले लोक सोडले तर कुणी त्यांच्याशी लावतही नाही.

मी म्हटलं, "बाबा, मी खेळते तुमच्याशी."

सगळे हसले. बाबाही हसले. "काय लावतेस?"

"मी जिंकले तर..."

"थांब," हात वर करून म्हणाले. "मागणं जिंकल्यावर सांगायचं. जिंकणारा काय वाटेल ते मागतो, हरणारा मुकाट देतो. असंच खेळतात. सगळ्यांसमोर सांगतो, शब्द म्हणजे शब्द." पगडी घातलेल्या राजासारखे बोलले. अख्ख्या गल्लीने ऐकलं. मला काय हवंय ते त्यांनाही माहीत आहे आणि गल्लीलाही. तुनहा.

"आणि तुम्ही जिंकलात तर?"

"मग तू तुनहाचं नाव पुन्हा काढायचं नाहीस."

सकाळपासून लढाई सुरू आहे. मी कॉफी पुढे केली, "टेबलावर ठेव, पोरी." गिऱ्हाइकाची नोट पुढे केली, "गल्ल्यात टाक." त्यांची टोपी पडली, मी उचलून पुढे केली, तर बाबा तसेच बोडक्याने बाहेर गेले, थंडीत. माझ्यावरही डाव टाकतात. जेवताना मीठ पुढे केलं, हात निघालाच होता माझा. आई खोकली म्हणून वाचले. ती कुणाच्या बाजूने आहे, कळत नाही.

आता मी जवळ गेले की ते दोन्ही हात मागे बांधतात. रस्त्यातून जाताना लोक विचारतात, "डॉन एलिओदोरो, हात कुठे विसरलात?"

हां, आणि एक. हे वेगळंच. सिस्टर बेनिल्दांना यंदा देखाव्यात खरं बाळ हवंय. दरवर्षीच्या प्लास्टरच्या बाळ येशूचं नाक गेलंय. औषधवाल्यांच्या बाळाला डांग्या खोकला झालाय. मी म्हटलं, माझ्या ओळखीत एक आहे, पाच महिन्यांचं, रडत नाही. तू हुलियानला घेऊन येशील? आईला तो पाहता येईल. निदान लांबून.

देया


२० डिसेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मला राग आला. मग परत वाचलं.

तू विचारतेस, यात बाबांच्या खेळाचा काही संबंध आहे का. नाही. बाळ हवंय सिस्टरांना. मी मारिया आहे, बाळ माझ्या मांडीवर असणार, एवढंच. 'माझ्या पोराला डावात लावू नकोस' असलं मला कशाला लिहायचं? मी काय इतकी...

बरं, ते राहू दे.

घरी येणार नाहीस, देवळातही पाऊल टाकणार नाहीस, हे समजलं. कारणही समजलं. 'बाबा मारत नाहीत, शिव्या देत नाहीत, ते नुसतं सगळं ठरवून टाकतात. त्यांनी समोर येऊन चल म्हटलं तर मला नाही म्हणता येणार नाही. दमलेय मी. रात्री पोर रडतं तेव्हा वाटतं जावं परत. आणि एकदा आले की माझा कोर्स गेला, मी गेले.' हे मी चारदा वाचलं. तू इतकी शूर, दोन बॅगा घेऊन पहाटेच्या बसने गेलेली. तुलाही असं वाटतं, हे मला माहीत नव्हतं.

तर असं करू. चोवीसला दुपारच्या बसने ये. बस पुलाशी थांबते, तिथूनच ओफेलियाच्या घरी जा. कुणी बघणार नाही, सगळे तयारीत असतात. ओफेलिया बाळाला मागच्या दाराने देवळात आणेल. देखावा तीनला. लगेच परत आणून देईल. पाचची बस पकड आणि जा. बाबांना तू दिसणारही नाहीस.

येशील ना? आईसाठी. तिने फोटोच्या कडा बोटांनी मऊ करून टाकल्यात.

इकडे माझं काही खरं नाही. काल जवळजवळ हरलेच. दुकानात बाबा शिडीवर चढले होते. वरून ओरडले, "देया, धर, धर, पडतोय." रंगाचा डबा हातातून निसटत होता. मी धावले आणि शेवटच्या क्षणी कळलं. हात मागे घेतले. डबा पडला, फुटला, हिरवा रंग सगळीकडे. बाबा वरून म्हणाले, "शाबास." पहिल्यांदा म्हणाले मला शाबास. निकालावर नव्हते म्हणाले. मग फरशी मी पुसली.

गाव दोन तट करून बसलंय. बेकरीवाले माझ्या बाजूचे, न्हावी बाबांच्या. फादरसुद्धा विचारतात, "काय, कुणाचा हात पुढे?" सगळ्यांना गंमत वाटते. मी रात्री जागी राहून दिवस मोजते. आणखी चार दिवस. मग पंचवीस तारीख, आणि पुढे आयुष्यभर नाल नि खिळे.

यंदा नवव्या रात्रीचं यजमानपद बाबांकडे आहे, हे लिहिलं होतं का मी? फटाक्यांचा खर्च त्यांचा. खांद्यावरून घ्यायची नवी लोकरी रुआनाही शिवून घेतलीय.

देया


२५ डिसेंबर

ताई,

तू पाचच्या बसने गेलीस असं ओफेलिया म्हणाली. बाळाने दूध नीट घेतलं असंही म्हणाली. आत काय झालं ते तिने तुला किती सांगितलं, ठाऊक नाही. ती बरंच तिखटमीठ लावते. म्हणून मीच सांगते. आणि आधी हे सांगते, की मी खोटं बोलले होते. औषधवाल्यांच्या पोराला साधी सर्दी होती. खऱ्या बाळाचं सिस्टरांच्या डोक्यात मीच भरवलं. त्या आधी नकोच म्हणत होत्या.

तू विसरली असशील, देखावा संपला की मारिया बाळ येशूला नवव्या रात्रीच्या यजमानाच्या हातात देते, आणि यजमान त्याला वेदीपाशी गवताच्या पाळण्यात ठेवतो. प्रत्यक्ष देवाला कोण म्हणणार, 'टेबलावर ठेव, पोरी'? आणि प्लास्टरच्या देवाला बाबा म्हणालेही असते, सख्ख्या नातवाला कसे म्हणतील? बाबांना यजमान केल्याचं कळलं त्याच दिवशी मी हे ठरवलं. म्हणजे तुझं पोर मी डावात लावलं. तू बरोबर होतीस.

तर ऐक. योसेफ म्हणजे ओफेलियाचा भाऊ, त्याची दाढी अर्धी सुटलेली. हुलियान माझ्या निळ्या ओढणीचं टोक चघळत होता. मला वाटलं होतं मला नुसती भीती वाटेल. पण त्याचं डोकं इतकं गरम होतं, ताई, आणि त्याने माझं बोट धरलं होतं. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की हा माझा भाचा आहे, आणि मी काय करतेय.

पण गाणं सुरू झालं होतं. मी पायऱ्या उतरले. बाबा खाली उभे, नवी रुआना, टोपी काखेत, हात मागे. सवयीने. मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्हावी चक्क बोलला, "घेऊ नका, डॉन एलिओदोरो." लोक हसले. फादरही हसले.

मी बाळ पुढे केलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. तोंडावर हसू आलं, तेच, शिडीवरचं. वाटलं आता शाबास म्हणतील. मग त्यांनी बाळाकडे पाहिलं. कान बघितले. आपल्या सगळ्यांचे असतात तसे, पाळी गालाला चिकटलेली.

हळू विचारलं, "कुणाचं गं?"

मी म्हटलं, "तुमचंच."

हसू गेलं. सिस्टरांनी तेच कडवं पुन्हा वाजवलं. मग बाबांनी हात पुढे आणले आणि त्याला घेतलं. घाईने नाही, चुकून नाही. हरतोय हे माहीत असून घेतलं. देवळात कुणी हसलं नाही.

पाळण्यात ठेवायचं ते विसरलेच. फादर खोकले, परत खोकले. शेवटी बाबाच बाळाला घेऊन वेदीपाशी उभे राहिले आणि लोक पाया पडायला रांगेने आले. आईची पाळी आली. तिने त्याच्या पावलावर ओठ ठेवले आणि हललीच नाही. मागे रांग थांबली, बाहेर पायऱ्यांपर्यंत. आत्याने कधी नव्हे ते कुणाला पुढे ढकललं नाही. रांग संपताच ओफेलियाने बाळ घेतलं आणि मागच्या दाराने तुझ्याकडे पळवलं.

इथपर्यंत सगळं छान. इथेच पत्र संपलं असतं तर बरं झालं असतं.

घरी जेवायला बसलो. शेजारीही होते. बाबा इतके बोलके मी कधी पाहिले नाहीत. मला म्हणाले, "अजून ओरडली नाहीस 'माझी भेट'? देवळात लाजलीस का?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता, "जा बाई, जा तुनहाला. दिलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रडायलाच लागणार होते.

तेवढ्यात ते आईला म्हणाले, "माळ्यावरचा पाळणा काढायला लाव. मंगळवारी मी जाऊन दोघांना घेऊन येतो. मिरेयाला काउंटर ठाऊक आहे, शिकवायला नको. पोर इथेच वाढेल, दुकान त्याचंच. झालं गेलं विसरायचं. मी माफ केलं तिला."

आई तोंडावर हात घेऊन रडत होती, आनंदाने. आत्या म्हणाली, पाळण्याला रंग द्यायला हवा. न्हाव्याने तुझ्या नावाने पेला उचलला. तुला यायचंय का, हे कुणाच्या मनातही आलं नाही. बाबांनी तर पत्ताही विचारला, आणि ओफेलियाच्या आईने सांगून टाकला. ती बिचारी चांगल्या मनाने.

मला तुझ्या पत्रातली ओळ आठवली, 'मला नाही म्हणता येणार नाही.' मी तुनहाच्या वसतिगृहात जाणार आणि तू त्याच रस्त्याने उलट येणार. एक आत, एक बाहेर.

ताट बाजूला सारलं. उठून उभी राहिले आणि म्हटलं, "माझी भेट."

बाबा म्हणाले, "दिली की."

"मी अजून मागितलं कुठे? मागणं जिंकणाऱ्याने सांगायचं. तुम्हीच म्हणालात, सगळ्यांसमोर."

"बरं, माग."

"तुम्ही ताईला आणायला जायचं नाही. निरोप पाठवायचा नाही, कुणाला धाडायचं नाही. ती आपणहून आली तर दोन दिवस पाहुणी म्हणून येईल, आणि जाईल म्हणाली की बसपर्यंत पोचवायचं. दुकानात पाऊल नाही."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की ते मी तुला लिहू शकत नाही. तिच्यासाठी ये, असं मीच तुला लिहिलं होतं.

बाबा म्हणाले, "मग काउंटरवर कोण?"

मी म्हटलं, "मी."

"तुनहा?"

"एकच भेट असते ना."

त्यांनी टेबलावर सांडलेले पावाचे तुकडे बोटाने गोळा केले. नाही म्हणाले असते तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं, खरं सांगते. पण गल्ली बसली होती समोर. म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द." उठून फटाके लावायला गेले.

आई माझ्याशी बोलत नाही. आज सकाळी मला कॉफी दिली नाही, मी माझी घेतली.

तू मला थोर वगैरे लिहू नकोस. मी काल दुपारपर्यंत तुझं पोर विकायला निघाले होते. आणि मला अजूनही तुनहाला जायचंय. तू कोर्स पुरा कर. नापास झालीस तर मी तुला माफ करणार नाही. आईला फोटो पाठव, पुष्कळ पाठव, आता बाबा परत पाठवणार नाहीत. आणि जमलं तर एकदा ये, दोन दिवस, तिच्यासाठी. मी बसपाशी उभी राहीन.


२६, सकाळी

मामा निघतोय, म्हणून दोन ओळी. पाच वाजता बाबांनी दार वाजवलं. खेळ परवाच संपला, तरी मी सवयीने हात मागे घेतले. ते थांबले. मग दुकानाची किल्ली पुढे केली आणि मी ती घेतली.

देया